पाचवं ‘का’

मी तावातावानं भांडायला वर गेलो आणि दीड तासानं त्यांच्याच घरचे पोहे खाऊन, माझंच चुकलं असं कबूल करून खाली आलो. उंबरकर साहेबांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

काळेवाडीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि साहेब आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. एका रविवारी मी जेवायला बसलो, तर छतातनं टपकन थेंब पडला. वरणात. मी कालवून घास घेतला आणि बायकोला म्हणलं, "सुनंदा, मीठ जास्त झालंय."

ती म्हणली, "मीठ घालायचंच राहिलंय. थांबा, देते."

दुसरा थेंब मी तळहातावर घेऊन चाटला. खारट. तिसरा चाटला, तोही खारट. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की वरच्या घरातनं खारट पाणी पडतंय म्हणजे ते कशाकशाचं असू शकतं, आणि आपण मघापासनं ते चाटतोय. तेव्हा मी चिडलो. मला राग यायला पण तीन थेंब लागतात.

वर जाऊन दार वाजवलं. उंच, काटकुळा माणूस. शर्टाच्या खिशात पेन, भिंग आणि एक चकचकीत लोखंडी पिन.

"छत गळतंय आमचं!" मी ओरडलो.

"किती?"

"किती म्हणजे?"

"मिनिटाला किती थेंब?"

"मोजले नाहीत."

"मग तक्रार काय लिहू?" असं म्हणून त्यांनी खरंच वही उघडली.

मी मुकाट्यानं खाली आलो. घड्याळ लावून, मान वर करून थेंब मोजले. परत जिना चढलो आणि सांगितलं, "मिनिटाला चार."

"शाब्बास. आता बोलू. या, बसा."

आत गेलो आणि भांडण विसरलो. हॉलमधे अडीच फुटाची काचेची पेटी, निळा उजेड, आणि आत समुद्र. दोन नारिंगी मासे, आणि एका दगडावर चिकटून बसलेली शेकडो बारकी बारकी फुलं, शर्टाच्या बटणाएवढी, हिरवी कड आणि मधे केशरी ठिपका. सगळी एका लयीत डुलत होती. पेटीमागच्या नळीचा जोड सुटून पाणी आमच्या वरणात येत होतं. साहेबांनी जोड बसवला, पुढच्या आठवड्यात आमचं छत स्वतः येऊन रंगवून दिलं आणि तीन दिवस रोज खाली येऊन विचारलं, "मिनिटाला किती?" मी सांगायचो, "शून्य." तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीत काहीतरी खोडलं, तेव्हा त्यांच्या दृष्टीनं छत गळायचं थांबलं.

साहेब चाकणला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. आयुष्यभर माल तपासला. खिशातली ती पिन म्हणजे त्यांचं गेज. तिची एक बाजू ‘गो’, दुसरी ‘नो-गो’. भोक बरोबर पडलं असेल तर गो बाजू आत जायला पाहिजे आणि नो-गो बाजू अडायला पाहिजे. गोच गेली नाही तर भोक लहान, दोन्ही गेल्या तर मोठं. दोन्हीकडनं माल बाद. रिटायर होताना कंपनीनं त्यांना शाल, नारळ आणि घड्याळ दिलं. साहेबांनी सांगितलं म्हणे, घड्याळ ठेवा, मला माझी पिन द्या.

त्या पिनेनं त्यांनी जग मोजलं. एकदा आम्ही चिंचवड स्टेशनजवळ नाश्ता करायला बसलो, तर त्यांनी मेदूवडा उचलला आणि भोकात पिन घातली. गो गेली. उलटी करून घातली, तीही गेली. वेटर बघतच राहिला.

"काय झालं काका?"

"भोक मोठं आहे. पीठ वाचवलंय."

वेटर म्हणला, "काका, वडा खायचाय का बोल्ट बसवायचाय?"

मी इतका हसलो की सांबार नाकात गेलं. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी वडा खाल्ला, आणि ‘चव गो’ असा शेरा दिला. माझ्याबद्दलचा शेरा पण त्याच दिवशी मिळाला. "बबन, तुझं तोंड त्या वड्याच्या भोकासारखं आहे. काही अडतच नाही."

त्यांच्या घरात एक शब्द बंद होता. ‘चालतंय.’ आपण दिवसातनं शंभर वेळा म्हणतो. चहा गार झाला, चालतंय. शर्टाचं बटण नाही, चालतंय. उंबरकर काकूंनी मला पहिल्याच दिवशी हळूच सांगितलं होतं, "भाऊ, एवढा एक शब्द ह्यांच्यासमोर नको." का, ते नंतर कळलं. कंपनीत एकदा ब्रेकच्या भागांचा माल आला, भोक केसभर मोठं. सुपरवायझर म्हणला, साहेब, सोडा, चालतंय. साहेब म्हणले, "गाडी चालंल, ते मलाही माहितीये. थांबंल का, ते सांग." सगळा माल परत गेला.

आता त्या बटणफुलांबद्दल. नाव काकूंनी ठेवलेलं. दुकानदार त्याला काहीतरी इंग्रजी म्हणायचा. पिंपरीतल्या त्या मासेवाल्यानं साहेबांना नऊ वर्षांपूर्वी एका खड्यावर चिकटलेलं एकच फूल दिलं होतं, बिनरंगाचं, मरायला टेकलेलं. त्या एकाची साहेबांनी शेकडो केली. काकूंचे गुडघे गेलेले, तीन मजले उतरणं बंद. सकाळी दिवा लागला की फुलं उघडायची आणि काकू खुर्ची ओढून समोर बसायच्या. भाजी तिथंच निवडायच्या. म्हणायच्या, "मी रोज बागेत जाऊन येते हो, फक्त बसल्या जागेवरनं."

कुणी मागितलं तर साहेब त्या फुलांचा तुकडा द्यायचे. पण असा नाही. आधी हातमोजे आणि चष्मा घालून तुकडा काढायचा, कारण ह्या फुलांच्या अंगात विष असतं. मग तो वेगळ्या काचेच्या डब्यात बेचाळीस दिवस ठेवायचा. डब्यावर पिवळं कार्ड, ‘होल्ड’. रोज भिंगानं बघायचं, वहीत लिहायचं. बेचाळिसाव्या दिवशी हिरवा स्टिकर, त्यावर सही, मगच माल बाहेर. मी एकदा म्हणलं, "साहेब, एवढ्यात तर म्हशीचं रेडकू बाजारात जातं."

ते म्हणले, "कारखान्यात पुढचं स्टेशन म्हणजे आपलं गिऱ्हाईक, बबन. आपला दोष पुढं पाठवायचा नाही." नऊ वर्षात एक तक्रार नव्हती. हे ते स्वतः सांगायचे नाहीत. मला काकूंनी सांगितलं.

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. मी सातवी नापास. चाकणला एका वर्कशॉपात बर काढतो. मशिनवर भाग कापला की त्याच्या कडेला धातूचा बारीक कुसा राहतो, बोट लावलं की रक्त. ती बर. ती कानशीनं घासायची. बावीस वर्षं मी तेवढंच करतोय. त्यामुळं कुठंही कडेला काही वर आलेलं दिसलं की माझा हात शिवशिवतो. भाच्याच्या लग्नात मी स्टेजच्या कोपऱ्यातला एक कुसा उपटला, तर अख्खी झालर खाली आली. ती नवऱ्यामुलाच्या डोक्यावर पडली. फोटोत आहे.

दिवाळीनंतर साहेब आणि काकू लेकीकडे नाशिकला दहा दिवस गेले. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. किल्ली माझ्याकडे. सूचना कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेल्या. रोज माशांना एक चिमूट. पाणी खुणेच्या खाली गेलं तर शुद्ध पाणी, गोडं, खुणेपर्यंत. आणि सगळ्यात खाली, लाल पेननं, ‘हात घालू नये.’

पाच दिवस मी हात घातला नाही. सहाव्या दिवशी मला ते दिसलं. दगडाच्या कडेला, फुलांच्या शेजारी, एक तपकिरी, काचेसारखं पारदर्शक, नारळाच्या झाडासारखं काहीतरी उभं होतं. नखाएवढं. बाकी सगळं कसं गोल गोल, आणि कडेला हे एकच वर आलेलं.

मला वाटलं, बर आहे.

मी म्हणलं, साहेब आल्यावर बघतील, तर कड कशी गुळगुळीत! खाली आलो, सुनंदाचा जुना, गुलाबी केसांचा टूथब्रश घेतला, हे पुढं महत्त्वाचं आहे, गुलाबी, आणि बाही वर करून ते झाड घासघासून साफ केलं. उघड्या हातानं, विषारी फुलांच्या शेजारी. देव मूर्खांची वेगळी वही ठेवतो. झाडाचा चुरा झाला, पंपाच्या पाण्यात गरगर फिरला आणि पेटीभर पसरला. मी बोट फिरवून कड बघितली. फर्स्ट क्लास. ब्रश धुऊन परत जागेवर ठेवला. सुनंदानं नंतर तो कशाला वापरला ते मी विचारलेलं नाही.

साहेब आले. चौथ्या दिवशी मला वर बोलावलं. दगडावर, काचेवर, पंपाच्या जाळीवर, तसली झाडंच झाडं उगवलेली. टाचणीच्या डोक्याएवढी, पण पन्नास तरी. शेजारची दोन फुलं मिटलेली.

"हे काय आलं साहेब?" मी विचारलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"ऐपटेशिया."

"ऐपत?"

"ऐपटेशिया. समुद्रातलं तण आहे. शेजाऱ्याला डंख मारतं. एक कापलं की प्रत्येक तुकड्याचं नवं होतं."

आजवर मी नापास झालो, गाडीवरनं पडलो, झालर पाडली, पण एकाचे पन्नास केल्याचं माझ्या नावावर हे पहिलंच. तोंडात नाव मात्र ‘ऐपत’च बसलं. पुढं चार महिने मी रोज वर जाऊन विचारायचो, "साहेब, ऐपत किती?" आणि ते कपाळाला हात लावून म्हणायचे, "वाढली." बिल्डिंगमधल्या लोकांना वाटायचं, उंबरकरांचं काहीतरी मोठं काम झालं.

साहेबांनी त्या दिवशी मला समोर बसवलं आणि एक छापील कागद काढला. कंपनीतली पद्धत. दोष सापडला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, मुळापर्यंत जायचं. मी म्हणलं, "पोलीस पण असंच करतात का?"

"पोलीस ‘कोण’ विचारतात. आपण ‘का’ विचारायचं. कुणी केलं विचारलं की माणूस लपवतो. का झालं विचारलं की काम बोलायला लागतं."

मग ते मोठ्यानं बोलत लिहायला लागले. फुलं मिटली, का? शेजारी ऐपटेशिया आला. इतका का आला? एकाचे तुकडे झाले. तुकडे का झाले? कशानं तरी घासलं गेलं. इथं माझ्या मानेवरनं घाम पाठीत उतरला. घासलं का गेलं? साहेबांचं पेन थांबलं. मग लिहिलं, ‘जाण्याआधी दगड नीट तपासला नाही. तपासणी चुकली. उंबरकर.’ आणि कागद फाइलमधे ठेवला.

गप्प बसायचं की नाही? मीच म्हणलं, "साहेब, पाचवं ‘का’ राहिलं की."

भिंगातनं बघावं तसं माझ्याकडे बघून ते म्हणले, "पाचव्याची घाई नसते."

मग लढाई सुरू झाली. मासेवाल्यानं एक तांबूस पट्ट्यांची कोळंबी दिली, म्हणला ही ऐपटेशिया खाते. ती दोन दिवस दिसली, माशांचं खाणं खाल्लं आणि दगडामागं गेली ती परत आलीच नाही. मी म्हणलं, कंत्राटी दिसतीय, हजेरी लावून गायब. मग मी माझा उपाय सांगितला, "साहेब, अख्खा दगडच कुकरला लावू. दोन शिट्ट्या."

साहेब पांढरे पडले. "ह्या फुलांचा दगड उकळला ना, तर वाफेनं घरातली माणसं हॉस्पिटलात जातात. बबन, तुला काही सुचलं की आधी मला सांगत जा." आणि मग माझ्या खिशाकडं बघून म्हणले, "थांब. तुझ्याकडं चुना आहे?"

मी तंबाखूची डबी पुढं केली. उपयोगी पडल्याचा मला इतका आनंद झाला.

"ह्यातला नाही. तंबाखूचे कण आहेत. पानवाल्याकडनं कोरा आण. वास नाही, रंग नाही, कात नाही."

मी पानवाल्याकडे जाऊन म्हणलं, "निव्वळ चुना दे. साहेबांना माशांच्या पेटीत लावायचाय." तो म्हणला, "आजवर माणसांनी माणसांना चुना लावलेला बघितला. तुमचं हे पुढचं आहे."

शुद्ध पाण्यात चुना कालवून दह्यासारखा करायचा. पंप बंद. बिनसुईची सिरिंज हळूहळू त्या झाडाच्या तोंडापाशी न्यायची. जरा धक्का लागला की ते बिळात जातं. धक्का न लावता एक थेंब त्याच्या तोंडावर ठेवायचा. ते खाणं समजून गिळतं आणि बसतं. साहेबांचा हात असा स्थिर की बघताना मला माझा श्वास दाबायला लागायचा. चष्मा, हातमोजे, दोघांनाही. डोळ्यात चुना गेला तर डोळा जातो.

दिवसाला फक्त पाच. माझा जीव खालीवर. "साहेब, रविवारी बसून सगळ्यांचा निकाल लावू."

"चुना जास्त झाला की पाण्याचा गुण बदलतो. पाणी पण कामगारच आहे. त्याला ओव्हरटाइम किती लावशील?"

पाच मारायचो आणि चार दिवसांनी सात नवी दिसायची. होळीपर्यंत चाललं. आणि ह्या सगळ्यात बाकीची फुलं पण मिटायला लागली. आधी कडेची, मग मधली. मिटलेलं फूल आठवडाभरात गळून जायचं. दगडाला टक्कल पडत चाललं. काकूंनी एक दिवस खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. भाजी तिकडं निवडायला लागल्या. म्हणल्या, "उजेड बरा आहे इथं." डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालेलं. उजेडाचा प्रश्न नव्हता. मी त्या दिवशी जेवलो नाही. सुनंदानं विचारलं काय झालं, तर सांगितलं वडा खाल्लाय.

तेवढ्यात लेकीनं पक्कं केलं, की आईनं आता तीन जिने चढायचे नाहीत, दोघांनी नाशिकला यायचं, तळमजल्याचं घर आहे. पेटी तिकडं मावणार नव्हती. मासे दुकानदार घेणार होता. बटणफुलं मागितली होती चिंचवडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, ज्यांनी काकूंची कवळी केली. त्यांच्या दवाखान्यात नवी पेटी होती. लोक दात काढायला घाबरून बसलेले असतात, समोर काही डुलणारं असलं तर बरं, असं त्या म्हणायच्या.

काकूंची एकच इच्छा होती. "घर मोडतंय ते मोडू द्या. पण माझी बाग कुठंतरी उघडी राहिली पाहिजे."

साहेबांनी दगड भिंगाखाली घातला. अजून तीन ऐपती. "नो-गो," ते म्हणले. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, अहो द्या हो, एखाददुसरं असलं तर चालतंय. साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांना ते ऐकवेना.

शेवटी त्यांनी दगडाच्या एका कोपऱ्यातनं, सगळ्यात लांबच्या, सात फुलांचा तुकडा काढला. सातच. डब्यात ठेवला, पिवळं कार्ड लावलं. आणि गणित चुकलं. होल्ड बेचाळीस दिवसांचा, आणि नाशिकची गाडी विसाव्या दिवशी.

"उरलेले बावीस दिवस तू बघ," साहेब म्हणले.

"मी?"

"रोज सकाळी, भिंगानं. शेवटी सही तुझी."

आयुष्यात ज्या माणसानं दुसऱ्याच्या सहीवर माल सोडला नाही, तो मला, सातवी नापास, टूथब्रशवाल्याला सही देत होता. डबा आमच्या ओट्यावर आला. छोटा दिवा, छोटा पंप. सुनंदा म्हणली, "बरं झालं. आता मीठ संपलं की ह्यातनंच घालते." पण नंतर मी बघितलं, भाजी ती त्या डब्यासमोर निवडत होती.

निघायच्या दिवशी काकू गाडीत मागं बसल्या, साहेब पुढं. मी खिडकीशी वाकलो. म्हणलं आता सांगायचंच. "साहेब, ते घासणं... ते दिवाळीनंतर..."

साहेबांनी काच आणखी खाली घेतली. "बबन, आपण काय विचारत नाही?"

"कोण."

"मग?" त्यांनी भिंग आणि फाइल माझ्या हातात दिली. "सकाळच्या उजेडात बघत जा. ट्यूबच्या उजेडात दिसत नाही." गाडी गेली. मी कबुलीजबाब तोंडात घेऊन तसाच उभा. त्यापेक्षा तंबाखू बरी, थुंकता तरी येते.

रोज सकाळी शिफ्टला जायच्या आधी मी भिंग लावून बसायचो. सात फुलं, उघडी, छान. वहीत लिहायचो, ‘सात. ओके.’ अडतिसाव्या दिवशी खड्याच्या खालच्या बाजूला काहीतरी तपकिरी दिसलं. मी भिंग पुसलं. तरी होतं. राईपेक्षा बारीक, पण चार बोटं हलवत होतं.

चार दिवस राहिलेले. डॉक्टरीणबाईंना दिसलं नसतं. मला कुणी विचारलं नसतं. माझ्या तोंडापर्यंत तो शब्द आला, खरं सांगतो, ‘चा’ म्हणून पण झालं होतं.

फोन लावला. "साहेब, नो-गो."

पलीकडे वही उघडल्याचा आवाज आला. मग, "किती?"

"एक."

"शाब्बास. चुना लाव. उद्या दिवस पहिला."

परत बेचाळीस. ह्या खेपेला खड्याची खालची बाजू आधी. माझा हात साहेबांसारखा स्थिर नाही, पहिला थेंब फुलावरच पडला आणि ते दोन दिवस माझ्यावर रुसून मिटून बसलं. पण उघडलं. पुढं त्या सातांची अकरा झाली. नवी चार मी उगवताना बघितली, म्हणून ती जरा माझी, असं मी सुनंदाला म्हणलं. ती म्हणली, "उगाच बारशाला बोलावू नका."

बेचाळिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, व्हिडिओ कॉल लावला. साहेबांना दाखवायचं होतं. नाशिकला साहेबांनी फोनच्या पडद्यालाच दुसरं भिंग लावलं. मला इकडं काय दिसलं? एक डोळा. अख्ख्या फोनभर एकच डोळा, पांढऱ्या पापणीचा, उघडझाप करणारा. मी डबा फिरवत गेलो, डोळा फिरत गेला. मागनं काकूंचा आवाज, "मला बघू द्या हो आधी! अकरा आहेत का? अय्या, अकरा!"

"गो," डोळा म्हणला. "सही कर. आणि फाइलमधलं सगळ्यात मागचं पान काढ."

काढलं. तोच कागद. चार ‘का’, खाली उंबरकर. आणि पाचव्या ‘का’समोर शब्द नव्हता. सेलोटेपखाली एक केस चिकटवलेला होता. ब्रशचा. गुलाबी.

म्हणजे पहिल्या दिवसापासनं.

"दगडाच्या फटीत सापडला," साहेब म्हणले. "कोण, ते मला तेव्हाच कळलं होतं. का, ते कळलं नाही. ते तूच लिही. आणि मोठ्यानं वाच."

माझं अक्षर कसलं, कोंबडीनं अंगण उकरावं तसं. मी त्या केसाच्या शेजारी लिहिलं आणि वाचलं. "बबनला वाटलं, कड गुळगुळीत दिसली की साहेब खूश होतील."

डोळा पडद्यावरनं गेला. फोन बहुतेक टेबलावर उताणा ठेवला असावा, कारण मग बराच वेळ मला फक्त नाशिकच्या घराचं छत दिसत राहिलं आणि गरगर फिरणारा पंखा. भांड्याचा आवाज आला, काकूंनी कुणाला तरी पाणी दिलं असेल.

मला असल्या वेळी गप्प बसता येत नाही. मी म्हणलं, "साहेब, तुमचा पंखा डगमगतोय."

नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग साहेबांचा.

"मिनिटाला किती?"